‘नुसतं चौकशीला नेलं होतं’ : पोलीस ठाण्यात मार खाऊन सुटलेल्या भावासाठी आता काय करता येईल?

करवीर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. धाकटा भाऊ बावीस वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास साध्या कपड्यातले दोन पोलीस घरी आले. ‘साहेबांनी चौकशीला बोलावलंय, तासाभरात सोडतो’ म्हणून घेऊन गेले. कारखान्यातली तांब्याची तार चोरीला गेली, त्याचा संशय. सोडलं ते रविवारी सकाळी आठला. मधल्या वेळात तळपायांवर पट्ट्याने मारलं, दोन कागदांवर सह्या घेतल्या, त्यातला एक अर्धा कोरा. शनिवारी रात्री वडिलांकडून पंचवीस हजार घेतले. त्यातले पंधरा रोख, दहा भावाच्या मित्राच्या मोबाईलवरून कुणा तिसऱ्याच्याच खात्यावर. अटक दाखवलेली नाही, गुन्ह्यात नाव नाही. आज पुन्हा शुक्रवार. ताई विचारतात : ‘पुरावा तर काहीच नाही, आता काही होऊ शकतं का? तक्रार केली तर खोट्या गुन्ह्यात अडकवतील का? गावातले पुढारी म्हणतात, मिटवून टाका.’

ताई, सव्वीस वर्षं मी कोल्हापुरात फौजदारी वकिली करतोय. ‘पुरावा नाही’ हे वाक्य प्रत्येक घरातून ऐकलंय. तुमच्याच लिहिण्यात मला पाच पुरावे दिसतात : भावाचे तळपाय, दहा हजारांची नोंद, भावाचा मोबाईल, ठाण्यातला कॅमेरा आणि फौंड्रीतली शनिवारची गैरहजेरी. यातले दोन टिकाऊ आहेत, तीन नाशवंत. म्हणून कायदा मागाहून सांगतो. आधी कामाला लागा.

आज, हे वाचून झाल्या झाल्या, भावाला सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, न्या. तळपायावर मारण्यामागे हिशेब असतो. तिथे कातडी जाड, सहसा फुटत नाही, हाडही बहुधा मोडत नाही. सूज आठ-दहा दिवसांत ओसरते आणि मग ‘कुठाय मार?’ म्हणायला सगळे मोकळे. अपघात विभागात डॉक्टरांना भावानेच सांगायचं : कुणी मारलं, कशाने, कुठे, कधी. ‘पडलो’, ‘पाय मुरगळला’ असा एक शब्दही तोंडातून जाऊ द्यायचा नाही. भीतीपोटी पहिल्या केसपेपरवर ‘पडल्याने दुखापत’ लिहून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. तो एक कागद पुढे दहा वर्षं त्यांच्याच विरुद्ध वाचला जातो. एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध येणाऱ्या दुखापतीची, नोंद करा म्हणून सांगा, तिचा नंबर टिपून घ्या, दोन्ही पायांचे एक्स-रे मागा. ‘पोलिसांची यादी घेऊन या, मग तपासतो’ असं कुणी म्हणेल. यादी म्हणजे पोलिसांचं पत्र. उपचाराला आणि एमएलसी नोंदीला यादी लागत नाही, हे नम्रपणे पण तिथून न हलता सांगा. तरी ऐकलं नाही तर केसपेपरवर हकीकत लिहून घ्या आणि नोंद नाकारल्याचा अर्ज तिथेच अधिष्ठात्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. घरी आल्यावर उजेडात, पायाशेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा काढा. सुजेचा आणि काळ्या-निळ्या डागाचा बदलता रंगसुद्धा मार कधीचा ते सांगतो. त्या दिवसाची पँट, शर्ट, चप्पल न धुता कागदी पिशवीत ठेवा.

दुसरं काम उद्याच्या आत करायचं. पैसे शनिवारी रात्री दिले म्हणता, म्हणजे उद्या सात दिवस होतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि लाच देणाराही गुन्हेगार ठरला. मात्र ज्याला भाग पाडून पैसे घेतले त्याला त्याच कलमात सूट आहे, आणि ती हवी तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवायचं. लाचलुचपत विभागाचा १०६४ हा नंबर आहे. फोन करा, पण फोनवर थांबू नका. वडिलांच्या सहीने लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दहा हजारांचा व्यवहार ज्याच्या खात्यावर गेला त्याचं नाव, वेळ, व्यवहार क्रमांक यांची छापील प्रत जोडा. हे तिसऱ्याचं खातं बहुधा एखाद्या पानपट्टीवाल्याचं नाहीतर चहावाल्याचं निघतं. बिचाऱ्याला ठाण्याच्या दारात धंदा करायचा असतो. तो कोर्टात काय बोलेल हा पुढचा प्रश्न, बँकेची नोंद मात्र घाबरत नाही.

भावाचा मोबाईल रीसेट करू नका, विकू नका, दुरुस्तीला टाकू नका. त्यात ठिकाणांची नोंद चालू असेल तर त्या अडतीस तासांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. फोन त्यांनी काढून घेतला होता का? तरी हरकत नाही. फोन ठाण्यात होता हेही टॉवर सांगेल.

आता कॅमेरा. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात देशातल्या प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं : आत यायच्या-जायच्या वाटा, कोठडी, व्हरांडे, निरीक्षकाची खोली, ठाण्याचा मागचा भाग, सगळीकडे, आणि आवाजासह. चित्रीकरण अठरा महिने ठेवायचं. तेवढी साठवण बाजारात मिळत नसेल तर जास्तीत जास्त, पण एक वर्षाच्या खाली नाही. कॅमेरा बिघडला तर ठाणेप्रमुखाने जिल्हा देखरेख समितीला लगेच कळवायचं. हे कागदावर. प्रत्यक्षात तुम्हाला उत्तर येईल : ‘त्या दिवशी कॅमेरा बंद होता.’ येऊ द्या, पण लेखी येऊ द्या. आजच अर्ज द्या की अमुक तारखेला संध्याकाळी सहापासून रविवारी सकाळी नऊपर्यंतचं सर्व कॅमेऱ्यांचं चित्रीकरण जतन करा. एक ठाण्याला, एक पोलीस अधीक्षकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, कारण तेही त्या समितीवर आहेत. सोबत माहिती अधिकारात तेच मागा, दहा रुपयांचं तिकीट लावून. व्यक्तीच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते, असं कलम ७(१) म्हणतं. ते कलम अर्जात लिहा. त्याच अर्जात त्या दोन दिवसांची ठाणे दैनंदिनी आणि कॅमेरा बंद असल्यास कधीपासून, कुणाला कळवलं हेही विचारा. माहिती नाकारतील, बहुतेक नाकारतातच. पण ‘पाचव्या दिवशी मागितलं होतं, तरी पुसलं’ हे सिद्ध झालं की पुढे न्यायाधीश त्याचा अर्थ लावतात.

दैनंदिनीत भावाच्या नावाची नोंदच नसेल याची मला जवळजवळ खात्री आहे. लोक इथेच खचतात. खचू नका, ती कोरी जागाच तुमची साक्षीदार आहे. आमच्या शेजारी सांगलीत २०१७ साली कोठडीतला तरुण ‘पळून गेला’ अशी हकीकत आधी सांगण्यात आली. नंतर आंबोलीत जाळलेला मृतदेह सापडला आणि पोलिसांनाच अटक झाली. ठाण्याच्या कागदावर काय लिहिलंय आणि काय घडलंय यात किती अंतर असू शकतं, हे तेव्हापासून या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता कायदा, कारण अर्जात तोच लिहायचाय.

आपल्याकडे ‘आणून बसवलंय’ असा एक शब्दप्रयोग आहे. पोलीस म्हणतात, पत्रकार म्हणतात, आम्ही वकीलसुद्धा म्हणतो. कायद्यात असं काही नाही. माणूस एकतर मोकळा असतो नाहीतर अटकेत, तिसरी जागा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता पाहा. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर कलम १७९ खाली लेखी आदेश हवा, आणि पंधरा वर्षांखालच्या किंवा साठीपुढच्या पुरुषाला, कुठल्याही स्त्रीला, तसंच अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला ठाण्यात बोलवायचंच नाही, त्यांच्या घरी जायचं. संशयित म्हणून हवा असेल तर कलम ३५(३) ची नोटीस. साध्या चोरीला सात वर्षांच्या आतलीच शिक्षा आहे. अशा गुन्ह्यात उठसूट अटक करू नका, आधी नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात बजावलं. अटक केलीच तर कलम ३६ प्रमाणे अटकेचा पंचनामा, त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही. कलम ४७ प्रमाणे अटकेची कारणं, कलम ४८ प्रमाणे घरच्यांना कळवणं, कलम ५३ प्रमाणे वैद्यकीय तपासणी. आणि चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायाधीशांसमोर. हे शेवटचं तर संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. कारणं नुसती तोंडी सांगून आता भागत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, योगायोगाने महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, सांगितलं की ती माणसाला कळेल अशा भाषेत लेखी द्यायची, आणि रिमांडच्या, म्हणजे कोठडीसाठी न्यायाधीशांपुढे उभं करण्याच्या, किमान दोन तास आधी.

तुमच्या भावाला अडतीस तास ठेवलं. अटक नव्हती म्हणाले तर अडवून ठेवणं बेकायदा. अटक होती म्हणाले तर चोवीस तास उलटले. कुठूनही गेलं तरी वाट तिथेच येते.

सह्यांची धास्ती तुम्हाला जास्त दिसते, म्हणून सांगतो. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घ्यायचीच नाही, असं कलम १८१ सांगतं. पोलिसांपुढे दिलेली कबुली भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे पुराव्यात येत नाही. अपवाद एकच : त्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली तर तेवढ्यापुरता भाग येतो. म्हणून त्या कोऱ्या कागदावर उद्या एखादा पंचनामा उगवू नये, यासाठी आजच्या अर्जात एक परिच्छेद घाला : ‘अमुक दिवशी माझ्याकडून दोन कागदांवर, त्यातल्या एका अर्धवट कोऱ्या कागदावर, जबरदस्तीने सह्या घेतल्या आहेत.’ तारीख त्यांच्या पंचनाम्याच्या आधीची पडली पाहिजे, एवढंच महत्त्वाचं.

अर्ज कसा लिहावा हे कुणी शिकवत नाही. मला माझ्या अशिलाने शिकवलं, आणि किंमत त्यानेच मोजली. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीच्या मिरवणुकीनंतर एका मंडळाच्या पोराला खरंच बेदम मारलं होतं, दोघांनी. त्याने फिर्यादीत लिहिलं, ‘दहा-बारा पोलिसांनी दोन तास काठ्यांनी सर्वांगावर मारले.’ डॉक्टरांच्या दाखल्यात जखमा चार. उलटतपासणीत बचावाच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला : बारा माणसं, दोन तास, जखमा चार? पोराला उत्तर देता आलं नाही. खरा मार खोट्या आकड्याने वाहून गेला. म्हणून विशेषणं नकोत. ‘राक्षसी’, ‘अमानुष’ काही नको. किती वाजता, कुठल्या खोलीत, भिंतीचा रंग कुठला, कोण काय बोललं, पाणी कुणी दिलं, शेजारी अजून कोण बसवलं होतं. नाव माहीत नसेल तर ‘मिशीवाला, उंच, बाकीचे ज्याला अमुक म्हणून हाक मारत होते तो’ असं लिहा. नेमप्लेट असायलाच हवी, नव्हती तर तेही लिहा. जे आठवत नाही त्याला ‘आठवत नाही’ म्हणा. आणि हे भावाने स्वतःच्या भाषेत लिहावं, माझ्यासारख्याच्या नव्हे.

हा अर्ज आधी ठाण्यात द्या. तिथे घेणार नाहीत, मग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने आणि प्रत्यक्ष आवक विभागातही. कोल्हापूर परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांना प्रत. कबुलीसाठी दुखापत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली दखलपात्र गुन्हा आहे, साध्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा. सोबत कलम १२७, बेकायदा अडकवून ठेवल्याबद्दल. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे २०१३ च्या ललिता कुमारी निकालापासून पक्कं आहे, आणि आरोपीच्या अंगावर खाकी असली तर नाही, असा काही अपवाद त्यात नाही. तरीही अधीक्षक कार्यालय बहुधा ‘खातेनिहाय चौकशी’ लावेल आणि उपअधीक्षकांपुढे तुमचे जबाब होतील. जा, जबाब द्या, प्रत मागा. पण चौकशी आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणाला निलंबित केलं म्हणून पेढे वाटू नका. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, काही महिन्यांत माणूस परत हजर होतो.

महिनाभर वाट पाहून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं. दोन वाटा आहेत : नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली तपासाचा आदेश मागायचा, प्रतिज्ञापत्रासह, किंवा कलम २२३ खाली थेट खाजगी फिर्याद. नव्या संहितेने इथे पोलिसांसाठी एक पायरी वाढवून ठेवली आहे. लोकसेवकाविरुद्ध तक्रार असेल तर त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आणि त्याचं स्वतःचं म्हणणं आधी पाहायचं. मला ही तरतूद आवडत नाही. ज्याच्याविरुद्ध ओरड आहे त्याच्याच साहेबाला विचारायचं, ‘काय हो, मारलं का?’ पण आहे ती आहे, आणि ती फक्त ‘कर्तव्य बजावताना’ घडलेल्या गोष्टींना लागू आहे. कबुलीसाठी पट्टा चालवणं हे कर्तव्य नव्हे, हा युक्तिवाद पहिल्या परिच्छेदापासून मांडायचा.

खटल्यासाठी सरकारची पूर्वमंजुरी, म्हणजे कलम २१८, हा दुसरा धोंडा. कृती कामाशी वाजवी संबंध असलेली होती का, ही कसोटी. २०२० च्या डी. देवराजा निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अधिकाऱ्याने हद्द ओलांडली तरी कामाशी वाजवी संबंध असेल तर मंजुरी लागते. हा निकाल तुमच्या तोंडावर फेकला जाणार, आत्ताच माहीत असू द्या. नव्या संहितेत एक बरी सोय झाली : सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाल्यासारखी समजायची. पूर्वी या फायली मंत्रालयात वर्षानुवर्षं झोपायच्या.

आणि आता ज्यापायी मी चांगल्या केसेस मेलेल्या पाहिल्या आहेत ती गोष्ट. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१. कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकाराबाहेर जाऊन केलेल्या कृतीबद्दल पोलिसाविरुद्धचा खटला किंवा दावा सहा महिन्यांत दाखल झाला पाहिजे. दिवाणी दाव्याला वर एक महिन्याची नोटीस. मारहाण या कलमात बसतच नाही, असं न्यायालयांनी म्हटलेलं आहे आणि तो वाद आम्ही घालतोच. पण वाद घालायची वेळच का आणायची? लोक अधीक्षकांच्या चौकशीच्या निकालाची वाट बघत बसतात, सातव्या महिन्यात ‘तथ्य आढळले नाही’ असं पत्र येतं, आणि मग ते माझ्याकडे येतात. कॅलेंडरवर आजच पाचव्या महिन्यातली एक तारीख लाल करून ठेवा.

उच्च न्यायालयाबद्दल. वर्षानुवर्षं मी अशा अशिलांना महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला घेऊन गेलोय. रात्रभर बसून प्रवास, सकाळी उतरून स्टेशनवरच तोंड धुवायचं, आणि दुपारी तारीख. गरीब माणूस दुसऱ्या तारखेला येत नसे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालंय, भाऊसिंगजी रोडवर, सीपीआरच्या समोर. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. आम्ही त्या मागणीसाठी किती वेळा कामबंद केलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, ते असो. तुमच्या दृष्टीने अर्थ इतकाच की गुन्हाच नोंदवत नाहीत, तपास त्याच ठाण्याकडे ठेवलाय, नुकसानभरपाई हवी आहे, यासाठी अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका आता एसटीच्या तिकिटात होते. भरपाईचा पाया १९८३ च्या रुदुल शाह आणि १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालांनी घातला. नीलाबतीबाईंना मुलाच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल दीड लाख मिळाले होते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरमधल्या कोठडीतल्या छळाबद्दल पन्नास लाख देववले आणि सीबीआय तपास लावला. छळ झालेला माणूस स्वतः पोलीस शिपाई होता. खाकी घातलेल्यालासुद्धा शेवटी दिल्लीपर्यंत जावं लागलं. तुमच्या भावाच्या बाबतीत एवढी रक्कम मिळेल असं मी म्हणणार नाही. पण दारं बंद नाहीत.

राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे. साध्या कागदावर अर्ज चालतो, वकील लागत नाही, घटनेपासून एक वर्षाच्या आत मात्र पाहिजे. पोलीस तक्रार प्राधिकरण हे सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंह निकालामुळे जन्माला आलं. आपल्यासाठी पुणे विभागाचं. बेकायदा अटक, खंडणी, गंभीर दुखापत त्यांच्या कक्षेत येते. दोन्हीकडे अर्ज टाका, पण त्यांच्यावर विसंबून कोर्टाची मुदत घालवू नका, कारण ते शिफारस करतात, शिक्षा देत नाहीत. छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाहीच. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या करारावर १९९७ साली सही केली आणि अजून तो मंजूर करायचा राहिलाय.

आता तुमची भीती. खोट्या गुन्ह्यात अडकवतील का? अडकवू शकतात. तसं होणारच नाही असं सांगणारा वकील मिळाला तर त्याच्यापासून जपून राहा. पण माझा अनुभव असा की तक्रार पाच ठिकाणी पोचलेल्या माणसाला हात लावताना ते दहादा विचार करतात, आणि गप्प बसलेल्याला पुढच्या प्रत्येक चोरीत उचलतात. विमुक्त जमातींच्या वस्त्यांवर हे मी रोज बघतो. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली गेला, उचलायच्या यादीतून नावं गेली नाहीत. तार चोरीच्या गुन्ह्यात भावाचं नाव येईल अशी चाहूल लागली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवायचा, आणि त्याला आजची सगळी कागदपत्रं जोडायची. पुन्हा कुणी ‘चल जरा’ म्हणालं तर एकच वाक्य : ‘नोटीस द्या, वकिलांबरोबर येतो.’ तरीही उचलून नेलं तर त्याच तासाला ११२ ला फोन करा, म्हणजे वेळेची नोंद होते. लगेच अधीक्षक कार्यालयात नियंत्रण कक्षाला लेखी विचारा. आणि न्यायदंडाधिकारी किंवा प्रांतांकडे कलम १०० खाली अर्ज करा. बेकायदा कोंडलेल्या माणसाच्या शोधासाठी ते झडतीचं वॉरंट काढू शकतात. हे कलम आमच्यातले निम्मे वकील विसरलेले असतात.

आणि रिमांडची वेळ आलीच तर भावाला एक गोष्ट पाठ करून घ्या. न्यायाधीश विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ हे विचारणं त्यांचं कर्तव्य आहे. मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांविषयी शीला बर्से यांनी केलेल्या याचिकेवर १९८३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने ते सांगून ठेवलंय. कोर्टात काय होतं ते मात्र असं : पोराच्या मागे, हातभर अंतरावर, ज्याने मारलं तोच हवालदार उभा असतो. येताना गाडीत दम दिलेला असतो, ‘बोललास तर पीसीआर वाढवून घेईन,’ म्हणजे पोलीस कोठडी. पोरगं मान खाली घालून म्हणतं, ‘नाही.’ तो एक शब्द रोजनाम्यात जातो. एकदा माझ्या डोळ्यांदेखत असं झालं. मी उठून एवढंच म्हणालो, ‘साहेब, याला जरा चालून दाखवायला सांगा.’ पोराने तीन पावलं टाकली, चौथ्याला टेबल धरलं. न्यायाधीशांनी पोलिसांना बाहेर काढलं, दार लावून पुन्हा विचारलं, आणि त्याच संध्याकाळी सीपीआरला फेरतपासणी झाली. ते प्रकरण उभं राहिलं ते त्या चार पावलांवर.

मांडवलीबद्दल. पुढाऱ्यांचं चुकलं असं मी सरसकट म्हणत नाही. घर तुमचं, रोज त्या रस्त्याने जायचं तुम्हाला आहे, आणि माझ्या अनुभवात असे खटले आठ-दहा वर्षं चालतात. पण मिटवायला बसलात तरी दोन गोष्टी करू नका. ‘मला मारहाण झालीच नव्हती, गैरसमजातून अर्ज दिला’ असं प्रतिज्ञापत्र देऊ नका. खोट्या प्रतिज्ञापत्राचा गुन्हा मग तुमच्याच भावावर येतो, आणि ते हातात असलेला माणूस तुम्हाला आयुष्यभर नाचवतो. आणि घेतलेले पैसे परत देतो म्हणून कुणी चहाच्या टपरीवर बोलावलं तर जाऊ नका. पैसे देता-घेताना चित्रीकरण करून ‘खंडणी मागितली’ असं उलटवायला वेळ लागत नाही. मोबाईलवर स्टेटस ठेवणं, गावच्या ग्रुपवर नावं टाकणं, हेही तूर्त बंद. अब्रुनुकसानीची नोटीस आली की मूळ विषय बाजूला राहतो.

वकिलाची फी झेपणार नाही, असं तुम्ही शेवटी लाजत लिहिलंय. लाजायचं काही नाही. कसबा बावड्याला न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाईन १५१००. भावाचा अर्ज भावानेच करायचा. त्याला सांगतील, उत्पन्नाचा दाखला आणा, तहसीलला जा, आणि त्यात पंधरा दिवस जातील. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली माणसं यांच्याबरोबर ‘औद्योगिक कामगार’ हाही वर्ग आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. फौंड्रीचं ओळखपत्र आणि गेल्या महिन्याची पगाराची पावती जोडा, अर्जावर ‘औद्योगिक कामगार’ असं ठळक लिहा. सीपीआर झालं की सोमवारी सकाळी हेच पहिलं काम.